वसुधाताईंचं स्टिअरिंग

वसुधाताईंबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत व्हायला नको. मला त्यांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नव्हे, चांगला सणसणीत. लोक अशा वेळी आदरयुक्त हेवा वगैरे म्हणतात. माझ्या हेव्यात आदर फारसा नव्हता. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या आमच्या मराठी गोतावळ्यात कुणी नुसतं "वसुधाताई" म्हटलं तरी माझ्या कपाळाला आठी पडायची, आणि ती दिसू नये म्हणून मी पटकन चहा टाकायला उठायचे. आमच्या घरी त्या काळात चहा फार व्हायचा, तो बराचसा त्यांच्यामुळे.

दिसायला म्हणाल तर बारीक चणीची, सावळी, पंचेचाळिशीतली बाई. केस आखूड, आणि ते घरीच कापलेले असावेत असे. बारा महिने अंगावर तेच करडं जाकीट. कपाळावर टिकली कधी असायची, कधी नसायची, आणि नसली तर ती गाडीच्या आरशाला चिकटलेली सापडायची. स्वयंपाक त्यांना येत नव्हता. हे मी जळून सांगत नाही, तिथलं कुणीही सांगेल. गणपतीला हॉल भाड्यानं घेऊन आम्ही सगळी घरं जमायचो, तेव्हा मी दोन दिवस खपून पुरणपोळ्या करून न्यायचे. लोक "छान झाल्यात हं" म्हणायचे आणि पोळीची ताटली घेऊन वसुधाताई बसल्या असतील त्या कोपऱ्यात जायचे. ताईंनी आणलेला बटाट्याचा रस्सा दुसऱ्यांदा कुणी घ्यायचं नाही, पण ताईंच्या शेजारची खुर्ची कधी रिकामी नसायची. पोळ्या माझ्या आणि गप्पा त्यांच्या इटलीच्या, हे काही मला सहन व्हायचं नाही.

इटलीच्या, कारण ताई गाडी चालवायच्या. यात काय मोठंसं, असं आज वाटेल. पण तेव्हाचं आमचं चित्र लक्षात घ्या. युरोच्या नोटा अजून कोऱ्या करकरीत होत्या आणि आमचे नवरे सगळे गाड्यांच्याच धंद्यात होते. कुणी ब्रेक करायचा, कुणी सीट, कुणी दरवाज्याचं कुलूप. माझा नवरा सुहास गिअरबॉक्समधल्या एका चकतीवर काही वर्षं काम करत होता आणि तिच्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त बोलायचा. आणि या गाडीवाल्यांच्या आम्ही बायका बसनं डॉक्टरकडे, बसनं भाजीला, बसनं मुलांच्या शाळेत. भारतातलं लायसन्स तिथे सहा महिने चालायचं. पुढे जर्मन परीक्षा द्यायची, आधी लेखी, मग रस्त्यावरची. बहुतेकींनी त्या वाटेला जायचं टाळलं होतं. ताईंनी ती परीक्षा पहिल्या फटक्यात पास केली होती, तीही त्यांचे यजमान अरविंद भावजी नापास झाल्यानंतर, भावजींच्याच मास्तरांकडे शिकून. मग त्यांनी एक जुनी सात सीटांची निळी गाडी घेतली. तिच्या एका बाजूला पोचा होता, आधीच्या मालकाच्या कृपेनं. ताईंनी तो कधी काढून घेतला नाही. म्हणायच्या, "असू दे. लोक जरा लांबून जातात."

गाडीत बसल्या की त्या वेगळ्याच व्हायच्या. आधी चपला काढून सीटखालचे तपकिरी कॅनव्हासचे बूट घालायच्या. ते 'गाडीचे बूट', घरात कधी आले नाहीत. मग दाराच्या कप्प्यातल्या छोट्या स्टीलच्या डबीतून एक लवंग काढून दाढेखाली धरायच्या. लवंग तोंडात गेली की इंजिन सुरू. रस्त्यावरच्या सगळ्या जर्मनांशी त्या मराठीत बोलायच्या. "या, या, आजोबा, घाबरू नका." "अहो सोनेरी केसवाल्या बाई, सिग्नल हिरवा झालाय, लिपस्टिक नंतर." ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, एखादी काळी मोठी गाडी मागे येऊन चिकटली आणि दिव्यांची उघडझाप करायला लागली, की आम्ही सगळे मागे वळून बघायचो आणि अंग चोरायचो. ताई शांतपणे उजवीकडे सरकायच्या आणि म्हणायच्या, "जाऊ दे बिचाऱ्याला. गॅसवर दूध ठेवून आला असेल."

हे वाक्य आमच्या गावात इतकं चाललं, की कुणी घाईत असलं की त्याचं दूध उतू जातंय असंच सगळे म्हणायचे. माझीच मुलगी ईशा, जी घरात मराठीला जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, ती हे एक वाक्य मात्र मराठीत म्हणायची. माझं एकही वाक्य कधी कुणाच्या तोंडी बसलं नाही.

दर वर्षी ईस्टरच्या सुट्टीत ताई गाडीनं इटलीतल्या टस्कनीला जायच्या. मोठ्या रस्त्यावरून भराभर पोचायचं आणि चार देवळं-मनोरे बघून परतायचं, असला प्रकार नव्हे. आल्प्स उतरून गेलं की त्या मोठा रस्ता सोडायच्या आणि टेकड्यांमधल्या आडवाटांनी चार-पाच दिवस नुसत्या हिंडायच्या. त्यांचा मुलगा कोलोनला शिकायला गेला आणि आईबापांबरोबर यायचं त्यानं बंद केलं, तेव्हा गाडीत जागा झाली. ती जागा आम्हाला मिळाली. सुहास ही बातमी घेऊन घरी आला तेव्हा इतका खूश होता, की मला आधी वाटलं त्याला बढती मिळाली.

पहिल्या वर्षी निघालो तेव्हा अजून पुरतं उजाडलं नव्हतं. बसायची व्यवस्था ताईंनीच लावली. अरविंद भावजी इंजिन सुरू होताच झोपणारे गृहस्थ, म्हणून ते मागे. पुढे ताईंच्या शेजारी नकाशा वाचणारा माणूस हवा, म्हणून सुहास. तेव्हा आवाजानं रस्ता सांगणारी यंत्रं आमच्याकडे आलेली नव्हती. मधल्या रांगेत घोरणारे भावजी, मी आणि ईशा. आणि माझ्या पायाशी डब्यांची पिशवी. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिवडा, लसणाची चटणी, हे सगळं अर्थात मी केलेलं. ताईंचा नियम असा की आल्प्समधला गोट्टहार्डचा बोगदा येईपर्यंत गाडीत कुणी खायचं नाही. माझ्या पुऱ्यांवर त्यांचा नियम! आणि सुहास मान डोलावून म्हणतो, "बरोबर आहे ताई, शिस्त हवीच." घरी हा माणूस उभ्यानं ओट्यापाशी जेवतो.

बोगद्याआधी गाड्यांची ही मोठी रांग लागली. सगळ्यांनी इंजिनं बंद केली, लोक उतरून पाय मोकळे करू लागले. ताईंनी माझ्याकडून चिवड्याचा डबा मागून घेतला आणि त्या पुढच्या ट्रकवाल्याला द्यायला गेल्या. थोड्या वेळानं पदरात धरावीत तशी जाकिटात संत्री घेऊन परत आल्या. "सिसिलीचा आहे तो. म्हणाला, असा कुरकुरीत पदार्थ आयुष्यात खाल्ला नाही." मी म्हटलं, "चिवडा मी केलाय, हे सांगितलंत का?" "सांगणार कसं, मला इटालियन कुठे येतं?" त्या मनापासून हसत म्हणाल्या. इटालियन येत नव्हतं तर त्याची ती स्तुती कशी कळली, हे मी विचारलं नाही. संत्री मात्र गोड होती.

आणि मग टस्कनी. मी काय वर्णन करणार! डोंगर असे नाहीतच तिथे, नुसते उतार, एकातून एक निघालेले. एक पोपटी, त्याच्या शेजारचा नुकता नांगरलेला, पावडर लावल्यासारखा फिकट तपकिरी. लांब एखाद्या टेकडीवर एकटं घर आणि त्या घरापर्यंत जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना सरूची उंच, सरळ झाडं. वळण घेतलं की घर गायब, पुढच्या वळणावर तेच घर दुसऱ्या बाजूनं हजर. आम्ही मागून नुसते ओरडत होतो. "अय्या, ते बघा!" "अहो ताई, डावीकडे बघा डावीकडे!" ईशा काचेला नाक लावून "गुक माल, मामा! शाफऽ!" करत होती, म्हणजे जर्मनमध्ये 'बघ ना, आई! मेंढ्या!', कारण त्यांचा अख्खा कळप उतारावरून खाली येत होता. भावजीसुद्धा एकदा जागे झाले, "वा" म्हणाले आणि पुन्हा झोपले. आणि ताई? ताई मान न वळवता म्हणायच्या, "हं."

त्या 'हं'नं माझं डोकं फिरायचं. ज्याला सगळं पाहून वीट आलाय अशा माणसाचा 'हं' तो. आम्हाला ही टेकडी आयुष्यात पहिल्यांदा दिसतेय, आणि बाईसाहेब हं. मला त्याच वेळी कळलं की मला काय हवंय. मला ते स्टिअरिंग हवं होतं. हा रस्ता, ही टेकडी, हे वळण माझ्या हातांनी यायला हवं होतं, आणि मी 'हं' म्हणायला हवं होतं, आणि सुहासनं शेजारी नकाशा धरून "नीलू, काय गिअर टाकतेस!" असं म्हणायला हवं होतं. ताईंना तो दिवसातून चारदा म्हणायचा.

त्याच प्रवासातली ती तीनचाकीची गोष्ट नंतर गावभर झाली. एका खेड्यातून चढणीची गल्ली होती, दोन्ही बाजूंना दगडी घरं, आरसे मिटून घ्यावेत इतकी अरुंद. आम्ही चढतोय आणि वरून आली एक तीनचाकी, थेट आपल्याकडच्या टेम्पोसारखी, मागे आर्टिचोकचा, त्या कमळाच्या कळीसारख्या भाजीचा, ढीग. आत कानटोपी घातलेला म्हातारा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, असा तिथला नियम. म्हाताऱ्यानं हात हलवून आम्हालाच मागे जायला सांगितलं. ताईंनी इंजिन बंद केलं आणि डबीतून दुसरी लवंग काढली.

"ताई, जाऊ द्या ना, आपण घेऊ मागे," मी म्हटलं. "म्हातारा माणूस आहे."

"म्हातारा आहे, पण रिव्हर्स येतो त्याला. त्याच्या मागे चार हातांवर अंगण आहे. माझ्या मागे अख्खी गल्ली आहे."

"तरी पण, बरं दिसत नाही."

"कुणाला? नीलू, आपली पाळी असताना आपण नाही गेलो ना, की कुणालाच कळत नाही आता कोण जाणार."

म्हाताऱ्यानं हॉर्न वाजवला. खिडक्यांतून बायका डोकावल्या. सुहास नकाशात तोंड घालून बसला. ताई लवंग चघळत होत्या, चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही. शेवटी तीनचाकी कुरकुरत मागे गेली आणि अंगणात शिरली. तिच्याजवळून जाताना ताईंनी काच खाली केली, "ग्रात्सिए" म्हणून आभार मानले आणि म्हाताऱ्यापुढे लवंगेची डबी धरली. त्यानं एक उचलली, वास घेतला, तोंडात टाकली आणि आमच्या मांडीवर दोन आर्टिचोक फेकले. ते शिजवायचे कसे हे कुणालाच माहीत नव्हतं. मी त्यांची भरल्या वांग्यांसारखी भाजी केली आणि ती कुणाला चावेना. गावात गोष्ट सांगताना लोक ते शेवटचं मात्र आवर्जून सांगायचे.

परत आल्यावर मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. सुहासला म्हटलं, ईशाच्या शाळेसाठी बरं पडेल. लेखी परीक्षा पास झाले. रस्त्यावरच्या परीक्षेला बसले आणि जे केलं ते फक्त आपलाच माणूस करू शकतो. पाट्या नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला. मी उजवीकडून येत होते. डावीकडच्या गाडीत पांढऱ्या केसांचे एक आजोबा. त्यांच्या आधी कशी जाऊ? मी थांबले आणि हातानं म्हटलं, आधी तुम्ही. ते चक्रावले, त्यांनी हातानं म्हटलं, तुम्ही. मी पुन्हा, छे छे, तुम्ही. मागे गाड्या तुंबल्या. मागच्या सीटवरचे परीक्षक पुढे वाकून म्हणाले, "हे तुमचे नातेवाईक आहेत का?" तिथेच मी नापास झाले.

ही बातमी ताईंपर्यंत कशी पोचली हे सुहासला माहीत. दुसऱ्याच दिवशी त्या दारात उभ्या. "आल्झो, चला तर," म्हणाल्या, "खुर्ची आण." स्वयंपाकघरात मधोमध खुर्ची ठेवली, माझ्या हातात जेवणाचं ताट दिलं स्टिअरिंग म्हणून, आणि उजव्या बाजूच्या स्टुलावर उभं लाटणं धरून स्वतः बसल्या. ते लाटणं म्हणजे गिअर. "चल, रस्त्याच्या कडेनं गाडी काढ." मी ताट वळवलं. "मेलीस. खांद्यावरून कुठे बघितलंस?"

जर्मन परीक्षेत हा शुल्टरब्लिक म्हणजे देवपूजा. आरशात बघून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं. आरशाला न दिसणारी एक जागा असते, सायकलवाला नेमका तिथे असतो. ताईंनी मला गॅसपासून सिंकपर्यंत जातानासुद्धा खांद्यावरून बघायला लावलं. त्या आठवडाभर रोज यायच्या. चहा प्यायच्या, माझ्या पोळ्या खायच्या आणि लाटण्यानं गिअर बदलायच्या. आणि मी आतून धुमसत शिकायचे. ज्या बाईच्या नाकावर टिच्चून गाडी चालवायची, तिच्याच लाटण्याखाली शिकावं लागतंय, हे किती कठीण असतं ते ज्याचं त्याला माहीत. दुसऱ्या खेपेला मी पास झाले. पेढे मी वाटले आणि सुहास सगळ्यांना सांगत होता, "ताईंनी पास करून घेतलं हिला."

पुढच्या ईस्टरला मी लायसन्स पर्समध्ये, आणि खोटं कशाला बोलू, नवे कॅनव्हासचे बूट पिशवीत घेऊन निघाले. निळे घेतले होते, तपकिरी नव्हे. बसायची व्यवस्था तीच, पुऱ्यांची पिशवी तीच. मी वाट बघत राहिले की ताई आपणहून विचारतील. स्वित्झर्लंड गेलं, बोगदा गेला, मिलान मागे पडलं. डोंगर ओलांडून टस्कनीत उतरायच्या आधी एका पंपावर आम्ही कॉफी प्यायला थांबलो. मी मन घट्ट करून विचारलं, "ताई, इथून पुढे थोडा वेळ मी चालवू?"

ताईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. "नाही गं," म्हणाल्या.

बस. कारण नाही, समजूत नाही, पुढच्या वर्षी बघू नाही. त्यांनी बूट घातले, लवंग तोंडात टाकली आणि गाडी सुरू केली. त्या वर्षीची टस्कनी मी पाहिलीच नाही. पाच दिवस मी मांडीवरच्या डब्याकडे बघत बसले. सुहासनं एका जेवणानंतर हळूच विचारलं, "रागावलीस का?" मी म्हटलं, "छे, कुणावर?" आणि ईशाला उगाचच एक धपाटा घातला.

घरी आल्यावर मी ठरवलं होतं की पुढच्या वर्षी जायचं नाही. पण ईस्टर जवळ आला आणि ताईंचा फोन आला, तेव्हा मीच पिठात तिखटमीठ कालवायला घेतलं. हेवा माणसाला घरी बसू देत नाही. जिचा हेवा वाटतो तिच्या आसपासच घुटमळत राहावं लागतं. निळे बूट मात्र मी कपाटात ठेवले.

पुन्हा तोच डोंगर, तोच पंप, तीच कॉफी. मी मुद्दाम दुसऱ्या टेबलाशी उभी राहिले. ताई आपला कप घेऊन माझ्याजवळ आल्या आणि किल्ली माझ्या बशीत ठेवली.

"चल. तू चालव."

 मग गेल्या वर्षीचं सगळं वर आलं. "मागच्या वेळी नाही म्हणालात ते?"

"मागच्या वेळी मला द्यायचं नव्हतं," ताई म्हणाल्या. "माझं होतं ते. नाही द्यावंसं वाटलं."

"आणि आता?"

"आता आम्ही परत चाललोय. ऑगस्टात. अरविंदला पुण्याच्या फॅक्टरीत पाठवतायत. अजून कुणाला बोललो नाही." त्यांनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला. "तिथे कंपनीची गाडी आहे म्हणे, ड्रायव्हरसकट. मागे बसायचं. त्याच्या आधी मला हे एकदा बघायचंय."

काय बघायचंय, ते मला कळलं नाही. मला किल्ली दिसत होती. आणि सांगायचं तर, ड्रायव्हर मिळणार हे ऐकून आधी हेवाच वाटला. मी रोजच्या बसप्रवासाची चप्पल घालूनच स्टिअरिंगवर बसले. ताईंनी सुहासला मागे पाठवलं, पुऱ्यांच्या पिशवीजवळ, आणि स्वतः शेजारी बसल्या. खांद्यावरून बघून मी गाडी काढली.

ज्यासाठी दोन वर्षं जळत होते ते आता माझ्या हातात होतं. डोंगर उतरून आम्ही टेकड्यांमध्ये शिरलो. रस्ता वळत होता, मी वळत होते. पांढरी रेघ. वळण, खालचा गिअर. पिवळ्या शर्टातला सायकलवाला, त्याला जागा. पुन्हा वळण. समोर कडबा भरलेला ट्रक, त्याच्या मागे हळूहळू. डावीकडे फाटा, कुणी येतंय का? पुन्हा पांढरी रेघ. मागून सुहास ओरडला, "अगं, ते बघ!" ईशा किंचाळली, "मामा, गुक माल!" माझे डोळे त्या ट्रकच्या मागच्या दिव्यांवर होते. माझ्या तोंडून निघालं, "हं."

आणि निघताक्षणी मी तो आवाज ओळखला.

शेजारी ताई होत्या. एरवी दर गाडीशी बोलणारी बाई, पण चकार शब्द नाही. लवंगसुद्धा तोंडात घातली नव्हती. सरळ रस्ता लागला तेव्हा मी अर्धी नजर तिकडे टाकली. त्या काचेशी वळून बसल्या होत्या, ईशासारखं नाक लावून.

"ही झाडं," त्या म्हणाल्या, "घराकडे जाणारी. ही दर वर्षी असायची?"

"म्हणजे काय, ताई! दर वर्षी हेच तर दाखवायचो आम्ही तुम्हाला."

"मी इथला फक्त फाटा पाहिलाय. फाटा आणि त्याच्या पुढचा खड्डा." त्या अजून बाहेरच बघत होत्या. "तुम्ही मागून बघा, बघा करून ओरडायचात ना, तेव्हा एकेकाला खाली उतरवावंसं वाटायचं मला. विशेषतः तुला. तुझा आवाज सगळ्यात मोठा."

"तुम्हाला? राग यायचा?"

"राग कसला, जळायचे मी!" ताई म्हणाल्या आणि मेंढ्या दिसल्या म्हणून त्यांनी पोरीसारखं माझ्या दंडाला धरलं. "अय्या नीलू, ते बघ, ते बघ!"

मला अर्थातच बघता आलं नाही. कुणाला वाटेल की हे ऐकून माझा हेवा विरघळला असेल. मुळीच नाही. वर्षानुवर्षं स्टिअरिंग त्यांचं होतं, आणि ते माझ्याकडे आलं त्याच दिवशी टेकड्या त्यांच्या झाल्या. पुन्हा बाजी त्यांचीच. त्या उरलेल्या दिवसांत गाडी मीच चालवली, आणि ताई पुढे बसून सुहासकडून पुऱ्या मागून खात, अय्या अय्या करत राहिल्या. सुहासनं एकदाही माझ्या गिअरची स्तुती केली नाही. मागे बसून बहुधा दिसत नसेल.

अरविंद भावजी आधी पुण्याला गेले. घर आवरायला ताई महिनाभर एकट्या राहिल्या. भाड्याचं घर परत देताना भिंतीतलं प्रत्येक भोक बुजवून रंग द्यावा लागतो, ते सगळं त्यांनी स्वतः केलं. निळी गाडी आम्ही घेतली. गावानं हॉलमध्ये निरोपसमारंभ केला. मी पुरणपोळ्या नेल्या. लोक त्या घेऊन ताईंच्या कोपऱ्यात गेले.

विमानतळावर त्यांना मी सोडलं. सुहासला ऑफिस होतं आणि ईशाला शाळा, म्हणून आम्ही दोघीच. त्यांचं सामान त्यांच्याच गाडीत मी भरलं. ताई शेजारी बसल्या. त्यांच्या पायांत साध्या चपला होत्या आणि वाटेत दर सिग्नलला त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर ब्रेक दाबत होता. माझ्या लक्षात आलं आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी पाय मागे ओढून घेतले. बॉबलिंगेनमधून बाहेर पडायच्या आधी एक पाट्या नसलेला चौक लागतो. डावीकडून एक आजीबाई गाडी घेऊन आल्या आणि थबकल्या. पाळी माझी होती. मी गेले. ताई फक्त "गेनाऊ", बरोब्बर, म्हणाल्या, आणि दाराकडे वळून बसल्या.

विमानतळाच्या दारासमोर गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. मी बॅगा ट्रॉलीवर चढवल्या.  "बूट राहिलेत सीटखाली," मी म्हटलं. "असू देत," त्या म्हणाल्या. "तिथे काय करू त्यांचं?" मग त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि मागची टॅक्सी हॉर्न वाजवायला लागली. "जा, जा. त्याचं दूध उतू जातंय."

मी आत बसले, इंजिन सुरू केलं आणि उजव्या बाजूच्या आरशात बघितलं. ताई ट्रॉलीच्या दांड्याला धरून फुटपाथवर उभ्या होत्या. आत गेल्या नव्हत्या. करडं जाकीट, आखूड केस, कपाळावर टिकली नाही. टिकली माझ्यासमोरच्या आरशाला होती. मी बघत राहिले. त्यांना तेवढं डोळे भरून बघून घ्यावं आणि मग निघावं, एवढंच मनात होतं. तेवढ्यात त्यांनी हात वर केला. मला वाटलं, टाटा करतायत. त्या टाटा करत नव्हत्या. आपला डावा खांदा थोपटून त्या मला खुणावत होत्या. खांद्यावरून बघ. आरशात काय बघतेस?

मी मान वळवली. डावीकडून खरंच एक बस येत होती. ती जाईपर्यंत थांबले, मग गाडी बाहेर काढली आणि पुन्हा आरशात बघितलं. फुटपाथवर कुणी नव्हतं.